काट्याची पावती आणि दवाखान्याचे बिल



शेतकी खात्याच्या माणसाला या अंकात जागा मिळाली की तो बेणेमळा, पाचट, हुमणी आणि माती परीक्षण यापलीकडे जात नाही, अशी आपली तक्रार असते. तक्रार खोटी नाही. हुमणीवर आम्ही इतक्या वेळा लिहिले आहे की एव्हाना हुमणीलाही ते पाठ झाले असावे. या खेपेस मात्र उसाचा विषय थोडा बाजूला ठेवून दवाखान्याच्या बिलाबद्दल लिहीत आहोत. ऊस विकास अधिकाऱ्याचा आणि दवाखान्याच्या बिलाचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो कसा येतो तेच आधी सांगतो.

गेल्या गळीत हंगामात, नोव्हेंबरच्या अखेरीस, एक सभासद सकाळी सकाळी गट कार्यालयाच्या पायरीवर येऊन बसले होते. वयाने आमच्यापेक्षा मोठे, एरवी हसतमुख, पाणी-खत वेळच्या वेळी देणारे. नाव छापण्याचे कारण नाही. पूर्वहंगामी लागण, को ८६०३२, सव्वादोन एकर. नोंदीच्या तारखेप्रमाणे तोड जानेवारीच्या मध्यावर येणार होती.

"साहेब, माझी तोड पुढच्या आठवड्यात बसवा," ते म्हणाले.

आम्ही नेहमीचे उत्तर दिले. पाळी मोडता येत नाही, ऊस अजून पक्व नाही, वजन बसणार नाही, तुमचेच नुकसान आहे. त्यांनी सगळे मुकाट्याने ऐकून घेतले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. दवाखान्याचे बिल होते. तीन लाख बारा हजार रुपये.

दिवाळीनंतर त्यांच्या वडिलांच्या छातीत कळ आली. गाडी करून जिल्ह्याच्या गावी नेले. तिथे सांगण्यात आले की शिरेत अडथळा आहे, स्प्रिंग बसवावी लागेल, एक लाख ऐंशी हजारांपर्यंत जाईल. एवढी तजवीज होण्यासारखी होती. काही घरातले, काही पाहुण्यांकडचे, उरलेले सोसायटीतून. यांनी मान डोलावली, दाखवतील तिथे सह्या केल्या. सहाव्या दिवशी घरी सोडायच्या सकाळी जो आकडा हातात पडला तो हा. वडील आज हिंडतेफिरते आहेत, हे आधी सांगायला हवे. डॉक्टरांच्या कामाबद्दल त्या घरात कोणाची तक्रार नाही. तक्रार मधल्या एक लाख बत्तीस हजारांची आहे, जे कुठून आले ते कोणालाच नीट सांगता येत नव्हते.

पाळी काही आम्हाला मोडता आली नाही. एकाची मोडली की शंभर जणांची मोडावी लागते. शेवटी त्यांनी एक एकर गुऱ्हाळाला घातला, रोख पैसे मिळतात म्हणून. सभासदाने बाहेर ऊस घालू नये हे गावोगावच्या मेळाव्यांत सांगत फिरणारे आम्हीच. त्या दिवशी तोंडातून शब्द निघाला नाही. एकरी पंचेचाळीस टनाचा फड, अडतीस टनांवर संपला. दरातही टनामागे चारशे रुपये कमी मिळाले. दराचे पंधरा हजार दोनशे आणि सात टनांचे एकवीस हजार, असे छत्तीस हजार रुपये त्या घाईत गेले. दवाखान्याच्या बिलात हे छत्तीस हजार कुठेही लिहिलेले नाहीत, पण ते त्याच बिलाचे आहेत.

तोडणी-वाहतूक जाऊन टनाला तीन हजार हाती येतात असे धरले, तर तीन लाख बारा हजार म्हणजे एकशेचार टन. त्यांचा सव्वादोन एकरांचा सगळा फड, वरखाली. बियाणे, खते, पाणी, वर्षभराची मेहनत हे सगळे शून्य धरूनसुद्धा.

आता आम्हाला जे खटकले ते सांगतो. हाच माणूस काट्यावर कसा वागतो ते आम्ही पाहिले आहे. ट्रॉली काट्यावर चढली की हे खाली उतरून आकड्याकडे नजर लावतात. भरलेले वजन, रिकाम्या गाडीचे वजन, मोळीबांधणीची वजावट, निव्वळ वजन, सगळे पावतीवर पाहतात आणि मगच गाडी हलते. पंधरवड्याचे बिल निघाले की कपातीच्या एकेका रकान्यावर बोट ठेवतात. सोसायटीचे कर्ज किती, पाणीपट्टी किती, ठेव किती. मागे एकदा साडेतीनशे रुपयांच्या कपातीवरून त्यांनी आमच्या हिशेबनिसाला तासभर उभे केले होते, आणि बरोबर केले होते, कारण ती कपात दुसऱ्याच्या नावची निघाली. त्या माणसाने तीन लाखांचे बिल न वाचता भरले.

"विचारायचे नाही का, काय काय लावले ते?" आम्ही म्हटले.

"म्हातारा त्यांच्या ताब्यात, साहेब. विचारायला तोंड कुठलं?"

यावर आम्ही काही बोललो नाही, कारण आमचीही कथा याहून निराळी नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या मातोश्री अंगणात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. एका खासगी रुग्णालयात दाखल केले. शस्त्रक्रियेला किती खर्च येईल असे आम्ही विचारले, उत्तर मिळाले, "ऐंशी हजारांच्या आसपास." आम्ही शिकलेसवरलेले, पदविकाधारक, रोज आकडेमोड करणारे. तरी कागदावर लिहून द्या असे म्हणायला जीभ रेटली नाही. बिल आले एक लाख सेहेचाळीस हजार. सेवकांच्या पतसंस्थेचे कर्ज काढले. त्याचे हप्ते अजून पगारातून जातात.

पण घरी आल्यावर डोके शांत झाले तेव्हा परत जाऊन आम्ही बिलाची फोड मागितली. दोन हेलपाटे पडले, मिळाली मात्र. ती इथे देतो, कारण सगळी ग्यानबाची मेख त्यात आहे. शस्त्रक्रियेचे पॅकेज ऐंशी हजार. म्हणजे जो आकडा तोंडी सांगितला तो तंतोतंत खरा होता. त्या पॅकेजमध्ये शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, शस्त्रक्रियागृह आणि चार दिवसांची खाट एवढेच धरलेले. हाडात बसवलेला धातूचा भाग अठ्ठावीस हजार, तो वेगळा. भूल देणाऱ्या डॉक्टरांचे नऊ हजार, वेगळे. औषधे व साहित्य तेरा हजार चारशे. रक्त, क्ष-किरण वगैरे तपासण्या सहा हजार सहाशे. चारऐवजी सहा दिवस राहावे लागले, त्या जादा दोन दिवसांचे नऊ हजार. बेरीज करून पाहा, जुळते.

म्हणजे आम्हाला कोणी खोटे सांगितले नव्हते. आम्ही विचारले 'खर्च किती', त्यांनी सांगितले 'पॅकेज किती'. दोन्ही शब्द त्या काउंटरवर एकच वाटतात. कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर आम्ही हातात पडणारा दर विचारला आणि उत्तर मिळाले ते कपातीआधीच्या दराचे. उसाच्या बाबतीत हा फरक आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही कळतो.

त्याच फोडीत आणखी एक गोष्ट सापडली. न वापरलेली औषधे परिचारिकेने औषध दुकानात परत केली होती, त्याचे दोन हजार एकशे चाळीस रुपये बिलातून वजा करायचे राहून गेले होते. दाखवल्यावर त्यांनी तिथल्या तिथे परत दिले, दिलगिरीही व्यक्त केली. राहून गेले असेल, आम्ही वाईट अर्थ काढत नाही. आमच्या हिशेबनिसाचेही राहते. पण पाहिले नसते तर ते राहूनच गेले असते.

अंदाज म्हणजे वचन नव्हे

डॉक्टर मंडळींचे म्हणणे आम्ही एका परिचित डॉक्टरांकडून समजून घेतले. ते म्हणाले, "पोट उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. एखाद्याला चौथ्या दिवशी ताप येतो, एखाद्याची साखर वाढते. आधी आकडा लिहून दिला आणि वाढला, तर लोक कागद नाचवत येतात." यात तथ्य आहे. तालुक्याच्या गावी कर्ज काढून दवाखाना उभा करणाऱ्या डॉक्टरलाही हप्ते असतात, नोकरांचे पगार असतात, आणि गेल्या काही वर्षांत रुग्णालयांवर हल्लेही झाले आहेत. ते कोणाच्याच भल्याचे नाही.

पण अंदाज बांधण्याचाच पगार आम्ही घेतो, म्हणून या बाबतीत दोन शब्द बोलण्याचा आमचा अधिकार आहे. हंगामापूर्वी आम्ही शेतातून हिंडतो. ठरावीक लांबीच्या सरीतले पक्के ऊस मोजायचे, नमुन्याच्या चार-सहा उसांचे वजन घ्यायचे, सरीचे अंतर धरून एकरी टनेज काढायचे. तो आकडा चुकतो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात नदीकाठचा ऊस दिवसेंदिवस पाण्याखाली राहिला, त्या वर्षी आमचे आकडे पार कोलमडले. म्हणून कोणी म्हटले का, की यापुढे अंदाजच देऊ नका? अंदाज नसेल तर टोळ्या किती लावायच्या, गाड्या किती करार करायच्या, कारखाना किती दिवस चालवायचा, काहीच ठरत नाही. आम्ही लिहितो, एकरी चाळीस ते अठ्ठेचाळीस टन, पाणी एवढ्या पाळ्या मिळाले तर. चुकला तर का चुकला ते सांगतो.

दवाखान्याच्या अंदाजाचेही तसेच असावे. सगळे सुरळीत झाले तर इतके ते इतके, अतिदक्षता विभागात न्यावे लागले तर दिवसाला इतके जादा, यात अमुक धरले आहे आणि तमुक धरलेले नाही. वाढले तर वाढायला लागल्यावर सांगा, घरी सोडायच्या सकाळी नव्हे. पायपुसणी विकणारासुद्धा आधी भाव सांगतो. ज्या माणसाला दोन दिवस आधी कळते की दीड लाखाचे तीन होणार आहेत, तो दुसरी सोय पाहतो, दुसऱ्या रुग्णालयात चौकशी करतो, नाहीतर निदान मनाची तयारी करतो. ज्याला शेवटच्या सकाळी कळते तो गुऱ्हाळ गाठतो.

फलक कुठे आहे?

हे सगळे डॉक्टरांच्या मर्जीवर आहे असा आपला समज असतो. तसे नाही. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली होते. त्याच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून रुग्णालयाने आपले दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. खाटेचे रोजचे भाडे, अतिदक्षता विभाग, डॉक्टरांची तपासणी, भूल, शस्त्रक्रियागृह, परिचर्या, ऑक्सिजन, तपासण्या, यांचे दर त्यात येतात. रुग्णहक्कांची सनदही लावायची आहे, आणि तक्रारीसाठी स्थानिक नोंदणी अधिकाऱ्याकडे तक्रार निवारण कक्ष असायचा आहे. महापालिकेच्या हद्दीत महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे विचारावे, बाहेर असाल तर जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे.

ही रुग्णहक्कांची सनद मुळात राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केली. दर आधी कळण्याचा हक्क, तपशीलवार बिल मिळण्याचा हक्क, औषधे व तपासण्या कुठून घ्यायच्या ते ठरवण्याचा हक्क, कागदपत्रांच्या प्रती मिळण्याचा हक्क, बिलाच्या वादापायी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडकवून न ठेवण्याचा हक्क, हे सगळे त्यात आहे. तेव्हा "विचारायला तोंड कुठलं" याचे उत्तर भिंतीवर टांगलेले असायला हवे.

आम्ही मुद्दाम तालुक्याच्या व जिल्ह्याच्या गावी काही दवाखान्यांत फलक पाहत हिंडलो. काही ठिकाणी ठळक होता, त्यांचे कौतुक वाटले. एके ठिकाणी होता, पण त्याच्यापुढे पाण्याचे यंत्र ठेवले होते. एके ठिकाणी काउंटरवरच्या मुलाने, "काका, तो जुना आहे, तो धरू नका," असे सांगितले. फलकाची आणखी एक मर्यादा आहे. फलकावर दर असतो, टनेज नसते. खाटेचे भाडे दिवसाला दोन हजार हे कळले तरी दिवस किती, अतिदक्षता विभागात किती, हे कळल्याशिवाय गुणाकार होत नाही. म्हणून फलक वाचून थांबू नये, लेखी अंदाज मागावा.

दर ठरवता येतात आणि पाळायलाही लावता येतात, हे करोनाच्या साथीत दिसले. २१ मे २०२० च्या आदेशाने राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतील ऐंशी टक्के खाटांचे दर बांधून दिले. साध्या कक्षात दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरशिवाय ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. पुढच्या वर्षी शहरांची वर्गवारी करून लहान गावांसाठी ते आणखी खाली आणले. बिले तपासायला लेखापरीक्षक नेमले, आणि पुष्कळांना जादा घेतलेले पैसे परत मिळाले. ती व्यवस्था साथीपुरती होती, आज लागू नाही. तिच्यातही पळवाटा होत्याच. संरक्षक पोशाख, महागडी इंजेक्शने, काही तपासण्या त्या दरात धरलेल्या नव्हत्या, आणि फुगलेली बिले बहुधा तिथेच फुगली.

हृदयाच्या स्प्रिंगचेही असेच आहे. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. साधा धातूचा ७,२६० रुपये, औषध लावलेला २९,६०० रुपये. पुढे या मर्यादेत थोडेफार फेरफार होत राहिले. रुग्णालयाने स्टेंटची किंमत बिलात स्वतंत्र दाखवावी, कंपनीचे नाव व बॅच क्रमांक लिहावा, असेही त्या आदेशात आहे. वर सांगितलेल्या सभासदांच्या बिलात 'अँजिओप्लास्टी साहित्य' अशी एकच ओळ होती आणि तिच्यापुढे मोठा आकडा. त्याच प्राधिकरणाने २०१८ साली दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा औषधे, साहित्य व तपासण्या मिळून बिलाचा जवळजवळ निम्मा भाग होतो आणि काही वस्तूंवर नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत जातो असे आढळले. सुई, सलाईनची नळी, हातमोजे अशा बारीकसारीक वस्तूंकडे आपण लक्ष देत नाही. फडातही गळीत कशाने घटते? बुडख्याशी राहिलेल्या दोन-दोन बोटांनी.

मग विचारायचे काय? पहिला प्रश्न, पॅकेजमध्ये काय नाही. 'काय आहे' हे सगळे सांगतात. दुसरे, कोणत्या खोलीचा दर लावला. पुष्कळ रुग्णालयांत खोली बदलली की नुसते भाडे वाढत नाही, डॉक्टरांची भेट आणि शस्त्रक्रियेचे शुल्कही चढते. पाहुण्यांना बसायला बरे म्हणून स्वतंत्र खोली घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. विमा असला तर जास्तच, कारण पॉलिसीत ठरलेल्या भाड्यापेक्षा महाग खोली घेतली की विमा कंपनी बाकीच्या रकमांतही त्या प्रमाणात काटछाट करू शकते. शरीरात काही बसवणार असतील तर त्याची कंपनी व किंमत आधी विचारावी, आणि पाकिटावरची चिकटपट्टी फाईलला लावून घ्यावी. अनामत भरली की पक्की पावती घ्यावी, चिठ्ठीवर समाधान मानू नये. आणि दर दुसऱ्या दिवशी 'आजपर्यंतचे बिल' मागावे. ते संगणकावर असतेच, छापून द्यायला वेळ लागत नाही.

जीव धोक्यात असताना यातले काही करत बसू नये. अपघात, झटका, सर्पदंश असे असेल तर आधी रुग्ण आत न्यावा. तातडीचा उपचार नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र घरातल्या एकाने हिशेबाचे काम अंगावर घ्यावे. जो रुग्णाजवळ रात्र जागतो त्याच्यावर हे टाकू नये. त्याचे डोके ठिकाणावर नसते, आमचे नव्हते.

आणखी एक चौकशी सगळ्यात आधीची आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू आहे, आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. पूर्वी पिवळ्या-केशरी कार्डाची अट होती, तेच अजून पुष्कळांच्या डोक्यात बसले आहे. योजनेत प्रत्येक उपचाराचे पॅकेज सरकारने ठरवलेले असते आणि यादीतल्या उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. पण ती ठरावीक आजारांना आणि ठरावीक रुग्णालयांतच लागू होते. आमच्या सभासदांच्या वडिलांना नेले ते रुग्णालय योजनेत नव्हते. योजनेत असलेले दुसरे त्याच रस्त्यावर, अर्ध्या मैलावर होते. अँजिओप्लास्टी योजनेच्या यादीत आहे. हे त्यांना बिल भरल्यानंतर अकरा दिवसांनी कळले, आणि तेही आमच्याच टेबलावर. त्यांना ते सांगताना आम्हाला बरे वाटले नाही.

धर्मादाय नोंदणी असलेल्या मोठ्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेली ही योजना आहे. उत्पन्नाचा दाखला लागतो. नावात 'ट्रस्ट' दिसले की समाजसेवा अधिकारी कुठे बसतात ते विचारावे.

आपल्या तोड मजुरांचाही यात विचार करावा. टोळीतले कोणी आजारी पडले की मुकादम दवाखान्यात पैसे भरतो आणि ते उचलीवर चढतात. बिल किती होते, चढवले किती, मजुराला कागद दिसत नाही. ज्याच्या फडात टोळी आहे त्या सभासदाने अशा वेळी सोबत जाऊन बिलाची एक प्रत मजुराच्या हातात पडेल एवढे पाहिले तरी पुष्कळ आहे.

हंगाम संपल्यावर आम्ही आमच्या परिचित डॉक्टरांना बसवून एक पानाचा कागद तयार केला. वर रुग्णाचे नाव व आजार, खाली रकाने. पॅकेज, त्यात न धरलेले, खोलीचा प्रकार, अंदाजे दिवस, कमीत कमी, जास्तीत जास्त, आणि वाढल्यास कोणाला व केव्हा कळवायचे. आमच्या मूळ खर्ड्यात 'जास्तीत जास्त' हा रकाना नव्हता, तो डॉक्टरांनीच घालायला लावला. मे महिन्यात एक सभासद हर्नियाच्या शस्त्रक्रियेला हा कागद घेऊन गेले. डॉक्टर आधी हसले, मग कारखान्याचा कागद दिसतोय म्हणून त्यांनी खुर्चीत बसून तो भरला. अडतीस ते पंचेचाळीस हजार. बिल आले त्रेचाळीस हजार दोनशे. दुसऱ्या एका ठिकाणी मात्र काउंटरवरून कागद तसाच परत आला, 'आमच्याकडे अशी पद्धत नाही' म्हणून. त्या सभासदांनी मग वहीच्या पानावर तेच प्रश्न स्वतः लिहिले, समोर बसून एकेकाचे उत्तर घेतले, आणि सांगणाऱ्याचे नाव व तारीख खाली टाकली. कागद कारखान्याचाच हवा असे नाही.

हे कागद सर्व गट कार्यालयांत ठेवले आहेत. मागच्या बाजूस जन आरोग्य योजनेचा १५५३८८ हा क्रमांक आणि कार्यक्षेत्राजवळच्या योजनेतील रुग्णालयांची नावे छापली आहेत. यादी बदलत असते, तेव्हा निघण्यापूर्वी फोन करून खात्री करावी. कागद संपले असल्यास चिटबॉयकडे निरोप द्यावा.